कुंपणाबाहेरचा अर्धा पाटा

मंडळीच्या रजिस्टरात तिचं नाव लिदिया पुंजाराम असं आहे. ते नाव मिशनच्या मडमेनं ठेवलं आणि मडम होती तोवर फक्त मडमेनंच वापरलं. बाकी गावाला ती लंकाबाई. बापतिस्म्याच्या वेळी मडम म्हणाली होती, लंका हे रावणाच्या गावाचं नाव आहे, ख्रिस्ती बाईला शोभत नाही. त्यावर ही म्हणाली, "रावनाचं असलं तरी सोन्याचं हुतं." मडमेला मराठी बेताचंच येत होतं, म्हणून ते तिथंच मिटलं.

देवळाली प्रवरेपासून तीन मैलांवरच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं चाळीस, आणि त्या चाळीस घरांतली निम्मीअधिक माणसं लंकाबाईच्या हातावर जन्मलेली. ती सुईण होती. बागाइतदारांच्या सुना अडल्या की त्यांच्याकडूनही बैलगाडी यायची. मूल बाहेर काढायला तिचे हात चालायचे. नंतरचा चहा मात्र ओसरीवर, वेगळ्या कपात. ती तो चहा सावकाश पिऊन कप तिथंच पालथा घालायची आणि म्हणायची, "धुवा चांगला. तुमच्या नातवाला आदुगर मीच हात लावलाय, त्यालाबी धुवा."

तिला वाचता येत नव्हतं. त्यामुळे देवळात जे ऐकलं ते तिनं खरं धरलं. वाचता येणाऱ्यांची तशी अडचण नसते. पुनरुत्थानाचा दिवस येणार, मेलेले आपापल्या जागेवरून उठणार, यावर तिचा विश्वास राहुरीच्या एसटीवर असावा तसा होता. उशीर होईल, पण येणार. आणि एसटी येणार म्हटल्यावर आपण कुठं उभं राहायचं हे माणूस आधीच ठरवतो, तसं तिनंही ठरवलं होतं.

तिची जागा खरं तर मंडळीनं केव्हाच ठरवून टाकली होती. तिचा नवरा पुंजाराम चर्चचा शिपाई होता. झाडलोट करायचा, कंदील पुसायचा आणि घंटा वाजवायचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. कबरस्तानात लिंबाखाली त्याची कबर, आणि तिच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा लंकाबाईसाठी सोडलेली. लंकाबाईला ती नको होती. तिला कुंपणाबाहेर जायचं होतं, कारण तिची मुलगी बाहेर होती.

ती मुलगी पस्तीस वर्षांपूर्वीची. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, पहाटे झाली आणि शनिवारी दिवस मावळताना गेली. दीड दिवसाचं आयुष्य. त्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, नगरहून गोरा साहेब येणार होता आणि पाच मुलांचे बापतिस्मे एकदम होणार होते. शुक्रवारी दुपारीच पोर दूध ओढेना झाली तेव्हा लंकाबाई म्हणाली, पाळकाला बोलवा. पुंजाराम म्हणाला, "गावच्या पाळकाच्या हातानं कशाला? परवा साहेब हाय ना. आपल्या पोरीला साहेबाचा हात लागंल." साहेबाचा हात लागायच्या आधीच ती संपली. बापतिस्मा नाही म्हणून कुंपणाच्या आत जागा नाही, हा साहेबांच्याच वेळचा नियम. पुंजारामनं तिला एकट्यानं नेलं आणि बाहेरच्या बाजूला पुरलं. खुणेला ठेवायला दुसरं काही मिळेना, म्हणून घरातला फुटलेला पाटा नेला होता. त्याचा अर्धा तुकडा तिच्यावर ठेवला, अर्धा परत आणला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं ईस्टरची घंटा वाजवली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ वाजवली म्हणतात. लंकाबाई बाजेवर पडून ती ऐकत होती. घंटा तिनं त्याला कधी माफ केली नाही.

उरलेल्या अर्ध्या पाट्यावर तिनं पस्तीस वर्षं मिरची वाटली. आणि दर ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळे आपापल्या कबरी झाडून चुना लावतात, तेव्हा ती चुन्याचं मडकं घेऊन बाहेर जायची आणि दुसऱ्या अर्ध्याला चुना लावायची. बाहेर तसे दहा-अकरा धोंडे होते. बाकी कुणी तिकडं फिरकत नसे. आत पुरलेली माणसं सगळ्यांची होती. बाहेरची कुणाचीच नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात, त्र्याहत्तरच्या मार्चात, तिला खोकला लागला. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, त्या धुरळ्याचा. सत्तावन्न वर्षांचं शरीर. तिनं ओळखलं की आता जागेचं नक्की करून घ्यावं. ती नव्या पाळकांकडे गेली. ते सेमिनरीतून ताजे आलेले, चेहऱ्यावर अजून परीक्षा पास झाल्याचा आनंद होता.

"सलाम पाळकसाहेब. एक इचारू?"

"सलाम आजी. विचारा की."

"त्या दिवशी समदी उठनार, व्हय ना?"

"उठणार."

"आपापल्या जागंवरून?"

"हो. तशीच आपली श्रद्धा आहे."

"मंग दीड दिसाची पोर कशी उठंल? मान धरीत न्हवती ती. माणसं उठून चालाया लागतील, तिला उचलायला कोन?"

पाळकसाहेब तीन वर्षं देवशास्त्र शिकले होते, थोडं ग्रीकसुद्धा. हा प्रश्न पेपरात आलेला नव्हता.

"आजी, तिथं असं शरीर नसतं. गौरवी शरीर असतं."

"म्हंजी ती मोठी झालेली आसंल?"

"तसं नक्की नाही सांगता येत."

"मोठी आसंल तर मी तिला वळखू कशी? मी तर दीड दिसाचीच बघितलीया."

पाळकसाहेबांनी विषय सांत्वनाकडं वळवायचा म्हणून विचारलं, बापतिस्मा का राहिला. तिनं साहेबाची हकिकत सांगितली. ते हळहळले आणि हळहळताना बोलून गेले, "अरेरे. खरं म्हणजे अशा वेळी पाळकच लागतो असं नाही. कुणीही ख्रिस्ती माणूस देवाच्या नावानं तीनदा पाणी घालू शकतो."

"कुनीबी?"

"हो."

"बाईमानूसबी?"

"हो, आजी."

"मीबी?"

पाळकसाहेबांना तेव्हा कळलं की आपण काय बोललो.

"घरात पानी हुतं," लंकाबाई म्हणाली. "रांजन भरला हुता."

आणि ती उठून गेली. पस्तीस वर्षं तिनं शेकडो पोरांना पहिलं पाणी घातलं होतं. कुणी तिला हे सांगावं असं एकाही पाळकाला, साहेबाला, मडमेला वाटलं नव्हतं. मडमेला नावाचंच पडलं होतं.

मग पंचांची बैठक. पंचांचे प्रमुख रंभाजी मास्तर, निवृत्त हेडमास्तर. त्यांना मरणाची तयारी फार आवडे. त्यांनी स्वतःसाठी आणि बायकोसाठी फाटकाजवळ सिमेंटची जोडकबर आधीच बांधून घेतली होती. वर दोघांची नावं कोरलेली, 'रंभाजी' मोठ्या अक्षरांत आणि 'चांगुणाबाई' त्याखाली लहान. फक्त तारखा भरायच्या बाकी. गावात कुणी पाहुणा आला की मास्तर त्याला ती दाखवायला नेत. चांगुणाबाईंनाही बरोबर नेत.

"लंकाबाई, आपण सभासद आहात," मास्तर म्हणाले. "प्रभुभोजन घेता. सभासद बाईला कुंपणाबाहेर कसं पुरायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय म्हनायचं ते म्हनू द्या. मी कुटं ऐकायला आसनार?"

"पण पुंजारामच्या शेजारी जागा राखलेली आहे."

"मास्तर, त्या दिशी उटल्या उटल्या पयलं त्याचंच त्वांड बघू व्हय? हितं तीस वरीस बघितलं."

पंच हसले. मास्तरांनी वहीत लिहिलं की विनंती नामंजूर.

त्यानंतर मास्तरांच्या अंगात भिंत आली. यंदा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला, जी आम्ही कबरस्तानातच करतो, आमच्या साऱ्या मंडळ्यांवरचे मोठे साहेब येणार होते. कबरस्तानाचं काटेरी कुंपण दुष्काळात चुलींमध्ये गेलं होतं. मोठ्या साहेबांसमोर उघडं कबरस्तान बरं दिसणार नाही. मास्तरांनी आसाराम गवंड्याला बोलावलं आणि पवित्र आठवड्यात भिंत घालायला लावली. सिमेंट नाही, पाणी नाही, म्हणून कोरड्या दगडांची, सांध्याला नावापुरती माती. ओढ्यातले काळे दगड वेचून भिंत उठली, पण थोडे कमी पडले. बाकीचे? गावातला फुटण्यासारखा प्रत्येक दगड सरकारी रस्त्यावर खडी होऊन पडला होता. मास्तर आसारामला म्हणाले, "बाहेरच्या अंगाला पडलेत बघ काही. ते घे. आणि ती जागाही सपाट कर, साहेबांची जीप उभी राहील."

लंकाबाई आठवडाभर खडीच्या कामावर, उजाडता जायची ती दिवस मावळता यायची. शुक्रवारी देवळात ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या सात शब्दांवर सात प्रवचनं; त्यात दिवस गेला. शनिवारी दुपारी ती चुन्याचं मडकं घेऊन निघाली. टँकरचं पाणी घरटी दोन हंडे मिळायचं. तिनं दोन दिवस अंघोळ न करता चुन्याचं पाणी राखलं होतं.

कबरस्तानात सगळे होते. बाया झाडत होत्या, पुरुष कबरींना चुना देत होते, मास्तर भिंतीवरून हात फिरवत होते. लंकाबाई भिंतीच्या पलीकडं गेली आणि उभीच राहिली. जमीन अंगणासारखी सपाट. एक धोंडा नाही.

ती परत आली. मडकं खाली ठेवलं.

"मास्तर, धोंडं कुटं गेलं?"

"कसले धोंडे?"

"लेकरांवरचं."

मास्तरांनी भिंतीकडं पाहिलं नाही, म्हणून तिनं पाहिलं. कमरेइतक्या उंचीवर, काळ्या दगडांत एक पांढरा तुकडा. चुन्याचे थरावर थर, आणि एका कडेचा पापुद्रा उडाला होता तिथं टाकीचे घाव दिसत होते. रानातल्या धोंड्याला कुणी टाकी लावत नाही.

"मरिया मगदालिया येशूच्या कबरीवर गेली तवा तिलाबी धोंडा लोटलेला दिसला," लंकाबाई म्हणाली. "पर तिला देवदूत भेटला. मला रंभाजी मास्तर भेटला."

"बाई, शब्द जपून वापरा. हे पवित्र स्थान आहे."

"आत पवित्र. बाहीर जीपगाडी."

आसाराम गवंडी वरच्या थराला हात लावून उभा होता. तो ख्रिस्ती नव्हता. त्यानं हळूच विचारलं, "मास्तर, तितं लेकरं हुती? मला म्हनलं न्हाई तुमी." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पंचांपैकी कुणाची टोपी हलली नव्हती.

लंकाबाईनं त्याची पहार उचलली.

"थांब मावशे," आसाराम म्हणाला. "तू समदी भित पाडशील. मी काढतो."

"आसाराम!" मास्तर ओरडले. "उद्या पहाटे साहेब येणार आहेत!"

"येऊ द्या की. म्या माती आजूक पुरी भरलीच न्हाई," आसाराम म्हणाला आणि त्यानं पाट्याचा तुकडा अलगद सोडवून लंकाबाईच्या हातात दिला. भिंतीला खिडकीएवढं भोक पडलं.

ती तो घेऊन बाहेर गेली. दहा पावलं चालली, थांबली, मागं आली. लिंबाचा शेंडा बघून अंदाज घेतला. पुन्हा चालली. फावड्यानं ओरबाडलेली जमीन इकडून तिकडून सारखीच. पस्तीस वर्षं ती डोळे मिटून जिथं गेली असती ती जागा तिला सापडेना. शेवटी ती मांडी घालून खाली बसली, पाटा मांडीवर. शेकडो बाळंतिणी उठवून बसवल्या, पण तिला स्वतःला अशी बसलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती.

भिंतीच्या भोकातून मास्तर म्हणाले, "झालं समाधान?"

तेव्हा चांगुणाबाईंनी हातातला खराटा जोडकबरीवर टाकला, 'रंभाजी' या अक्षरांवरच. त्या भोकाशी आल्या. मास्तरांच्या बायकोनं मंडळीत मोठ्यानं बोललेलं कुणाला आठवत नव्हतं.

"लंका, माझा तांबूस गोटा हुता. नदीतला. तो कुटं गेला?"

"तुझा कुठला?" मास्तर म्हणाले.

"आपल्या शमुवेलाच्या आदुगरच्या लेकराचा. तुमी नगरला ट्रेनिंगला हुता. आलात तवा म्हनलात, झालं ते झालं, बोलायचं न्हाई."

लंकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "खालच्या थरात बघ चांगुने, फाटकाच्या अंगाला. मगाशी बघितला म्या."

मग एकेक बाई आली. ज्यांनी पस्तीस वर्षांत कधी कुंपणापलीकडं बघितलं नव्हतं त्या. एकीचा चपटा, एकीचा जात्याचा तुकडा, एकीला धोंडा आठवेना, तेव्हा लंकाबाईनंच सांगितलं, "तुजा भोक असलेला गं, उखळाचा." तिच्या हातावर आलेली, तिच्याच हातावर गेलेली मुलं, तिला सगळ्यांचे धोंडे पाठ होते. आसाराम काढून देत होता. अकरा धोंडे निघाले आणि मास्तरांच्या भिंतीला अकरा भगदाडं पडली.

धोंडे मिळाले, जागा कुणालाच सापडेना. तिथं लगेच भांडण लागलं. बायकाच त्या.

"माजं हितं हुतं."

"हितं कसं? हितं माझं पोरगं."

"तुजं पोरगं तिकडं वढ्याच्या अंगाला. माजी लेक हितं."

"आन उद्या उठल्यावर चुकामूक झाली म्हंजी?"

लंकाबाई उठली. पदर खोचला. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर तिचा जो आवाज असतो तो लागला.

"गप बसा गं. ठेवा कुटंबी. त्या दिशी जी हाताला लागंल ती उचलायची. आपली का दुसरीची बघत बसायचं न्हाई. लेकरू रडत आसंल तर आदुगर उचलत्यात, मंग इचारत्यात कुनाचं. वर गेल्यावर वाटून घिऊ."

कुणी हसलं, कुणी रडलं. पाळकसाहेब भिंतीआड उभे होते. त्यांच्या शब्दांनी जे झालं नव्हतं ते इथं झालं, हे त्यांना समजलं असावं. ते नुसते आत गेले आणि एक चुन्याची बादली बाहेर आणून ठेवली. सेमिनरीत शिकल्यापैकी हे नसावं.

रविवारी पहाटे मोठ्या साहेबांची जीप धोंड्यांमुळं रस्त्यावरच थांबली. साहेब चालत आले. दिवस उगवत होता. "प्रभू उठला आहे," पाळक म्हणाले. "खरोखर उठला आहे," असं उत्तर आलं, ते निम्मं भिंतीच्या आतून आणि निम्मं बाहेरून. बाया सगळ्या बाहेर उभ्या होत्या, अकरा पांढऱ्या धोंड्यांजवळ.

मोठ्या साहेबांनी प्रवचनात त्या स्त्रियांची गोष्ट घेतली, ज्या पहाटे कबरेकडं गेल्या आणि धोंडा लोटलेला पाहून घाबरल्या. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. साहेब गहिवरले. "आणि या मंडळीनं," ते म्हणाले, "भिंत बांधताना त्यात मुद्दाम मोकळ्या जागा ठेवल्या आहेत, त्यांतून उगवतीचा उजेड आत येतो आहे. पुनरुत्थानाची इतकी सुंदर कल्पना मी कुठंही पाहिली नाही. ही कल्पना कुणाची?"

रंभाजी मास्तरांनी मान लववली.

उपासना संपून चहा आला तेव्हा लंकाबाई मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब बाजूलाच बशीत चहा ओतत होते.

"मास्तर, वही काढा. लिवा, लंकाबाई बाहीर."

"रजिस्टरात लंकाबाई नाहीच. लिदिया आहे."

"लिदियाला कुटंबी पुरा. लंकाबाई बाहीर."

"काय म्हणतात आजी?" साहेबांनी विचारलं.

"आजींना त्या धोंड्यांजवळ जागा हवी आहे, साहेब," पाळक चटकन म्हणाले.

"अवश्य! अवश्य!" साहेब म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि कधी नव्हे ते त्याचा उपयोग झाला. मास्तरांनी लिहिलं.

"माझंबी लिवा," मागून चांगुणाबाई म्हणाल्या.

मास्तरांचं पेन थांबलं. त्यांनी सिमेंटच्या जोडकबरीकडं पाहिलं. साहेब बशीवरून त्यांच्याकडंच बघत होते. त्यांनी तेही लिहिलं.

माणसं पांगली. लंकाबाईच्या मडक्यात तळाशी थोडा चुना उरला होता. वाया घालवायची तिला सवय नव्हती. ती आत लिंबाखाली गेली आणि पुंजारामच्या कबरीला, नऊ वर्षांत पहिल्यांदा, एक हात दिला. घाईघाईनं, ओट्याला पोतेरं फिरवावं तसा.

"ऐकलंस का," ती त्याला म्हणाली. "मी हितं नसनार. उटलास की नीट बाहीर यायचं. अकरा हायेत, मला एकटीला आवरनार न्हाईत. दोनतीन तू घे." मग खोकला आला, तो ओसरेपर्यंत ती थांबली. "आन घंटा वाजवीत बसू नगंस."